शिताएवढा डाग

"दुपारी चारला वाडीची बैठक आहे," हेतल पावसकर म्हणाली. "तिथं माझा निकाल लावणार. मला माहेरी धाडणार आणि पोरीला ठेवून घेणार. त्याआधी कायतरी करा."

राम आळीतल्या झेरॉक्सच्या दुकानावर काशी घागचं ऑफिस होतं. घड्याळात पावणेदहा झाले होते. काशीने पंखा वाढवला आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. बुडालेली होडी बुडाली की बुडवली, हे शोधण्यात तिची एका विमा कंपनीत बावीस वर्षं गेली होती. आता ती स्वतःच्या नावावर लोकांचे गुंते सोडवत असे. शेजारी केरू शिवगण बसला होता. तो एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, काशीची गाडी चालवायचा. माणूस सरळ, पण जो शेवटी बोलेल त्याचं त्याला खरं वाटायचं.

हेतल अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. चार दिवस तिने धड खाल्लेलं दिसत नव्हतं. कायद्याने मूल तुझ्यापासून असं तोडता येणार नाही, असं काशीने सांगून पाहिलं. हेतल म्हणाली, कायदा येईपर्यंत राही मला विसरेल. राही चार वर्षांची होती.

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा रूपेश दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. घर मिऱ्याच्या बाजूला, समुद्रालगत. रूपेशचे आजोबा भागोजी बोटीवर खलाशी होते. हाँगकाँगहून त्यांनी चांदीचा एक डॉलर आणला होता. त्यावर हातात त्रिशूळ आणि ढाल घेतलेली बाई उभी. भागोजींनी तिला देवी मानली आणि देव्हाऱ्यात बसवली, तीही पितळेच्या डबीत, तांदळात. नारळी पुनवेला डबी उघडायची, तांदूळ बदलायचे, कुंकू झाकणाला लावायचं. नाण्याला कोणी बोटही लावत नसे.

रूपेशचा चुलतभाऊ सागर याने यंदा डबी उघडलेली असताना नाण्याचा फोटो काढला. बाजारपेठेत जुन्या नाण्यांचा व्यवहार करणारा विनोद तो फोटो पाहून घरी आला. त्याने भिंगातून नाणं तपासलं आणि मुंबईचा गिऱ्हाईक चार लाख देईल म्हणून सांगितलं. एवढ्या पैशात रूपेशला होडीत भागी मिळणार होती. देवीला निरोप द्यायचा, असं घरात ठरलं. आठ दिवसांनी, म्हणजे गेल्या शनिवारी, गिऱ्हाईक आला. डबी उघडली, तर नाणं घासूनपुसून लखलखीत. त्याने ते उलटंसुलटं केलं आणि आता साठ हजारांच्या वर छदाम देणार नाही म्हणून तो उठला.

"तुम्ही सगळे काय म्हणालात?" काशीने विचारलं.

"रूपेश आदल्या रातीच बोटीवरून आलेला. तो पेटला. म्हणाला, ज्यानं हे केलान त्याला ह्या घरात ठेवणार नाय, मग कोण का असेना. मग सगळे गप्प. मग सासूबाई म्हणाल्या, घरातली भांडी कोण घासतं ते बघा."

"आणि भांडी तू घासतेस."

"देवाचीसुद्धा. पण तिला मी हात लावला नाय. नाणं जुनं म्हणून त्याला किंमत, पुसू नका, धुवू नका, हे मला माहीत होतं. मी कशी धुवेन?"

त्यात त्याच आठवड्यात ट्रॉलरचं जाळं फाटलं. देवी बाटवली म्हणून दर्याने दाखवून दिलं, अशी कुजबुज वाडीत सुरू झाली. हेतलने देवीला बाटवलं, वर खोटं बोलते, आता हिला ठेवायची कशी, यावर आज बैठक होती. शुक्रवारी, गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी, घरात कोण होतं असं काशीने विचारलं. सासूबाई होत्या, दुपारी सागर येऊन गेला. हेतल स्वतः सकाळीच बाजारात गेली होती. ओटी भरायची म्हणून सासूबाईंनी तिला नवा खण आणि नारळ आणायला धाडलं होतं.

हेतलला घरी पाठवून दोघं गाडीत बसल्यावर केरूने निकाल देऊन टाकला. म्हणाला, हे विनोदचं काम. त्याने खरं नाणं खिशात घातलं आणि दुसरं घासलेलं डबीत टाकलं.

"तो आठ दिवस आधी येऊन गेला होता, केरू."

"मग आठ दिवस आधी टाकलं."

काशीने गाडी बाजारपेठेकडे घ्यायला सांगितली.

विनोदच्या दुकानात चांदीच्या जुन्या वाट्या, बंद घड्याळं आणि काचेखाली नाणी होती. तो स्वतःच वैतागलेला होता. त्याची दलाली बुडाली होती आणि मुंबईत नाव खराब झालं होतं ते वेगळंच. त्याने फोनवर पहिल्या दिवशीचे फोटो दाखवले. नाणं तेव्हा धुरकट, करडं होतं. बाईच्या मागे समुद्रात शिडाचं जहाज होतं आणि त्या शिडापाशी एक बारीक खोक. गिऱ्हाइकाने शनिवारी पाठवलेला फोटो त्याने शेजारी धरला. तीच खोक, तिथेच.

"नाणं तेच आहे, काशीताई. बदललेलं नाही. नुसतं मारून टाकलंय."

केरू जरा हिरमुसला. काशीने विनोदला विचारलं की त्या दिवशी घरात त्याने कोणाला काय सांगितलं, अगदी क्रमाने सांग.

विनोदने क्रमाने सांगितलं. पूर्वेकडच्या बंदरांत चालावेत म्हणून असे डॉलर आपल्याकडच्याच टाकसाळींत पडायचे. मुंबईच्या टाकसाळीची खूण म्हणजे त्रिशुळाच्या मधल्या टोकावर इंग्रजी बी. डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक. बी असलेले पुष्कळ डॉलर निघतात, त्यांना फार भाव नाही. पण एकोणीसशे एकवीसचे मुंबईत फार थोडे पडले. ते साल आणि ती खूण एका नाण्यावर असली की त्याचं सोनं होतं. हे त्याने सागरला आणि हेतलच्या सासूबाईंना, कमळाबाईंना, भिंगातून दाखवलं होतं. कमळाबाईंना अक्षर दिसायला वेळ लागला. दिसल्यावर त्या खूश झाल्या. इथेच हिचा जीव आहे, असं विनोद त्यांना म्हणाला होता.

"मग त्या चहा टाकायला आत गेल्या. त्यानंतर मी सागरला अवस्थेचं सांगितलं. खूण म्हणजे अर्धीच किंमत. उरलेली अर्धी नाण्याच्या अंगावर असते. त्याचा मूळ तजेला, वरचा काळसरपणा, सगळं जसंच्या तसं हवं. घासलं की बारीक ओरखडे पडतात, भिंगाखाली लगेच दिसतात. मग खूण शाबूत असली तरी भाव कोसळतो."

"आणि हेतल?"

"ती कुठे होती? पोरीला अंगणवाडीतून आणायला गेलेली. मी चपला घालत होतो तेव्हा दारात भेटली. तिला एवढंच बोललो, वहिनी, पुसू नका, धुवू नका, आहे तसं राहू दे."

"अक्षराचं नाही सांगितलंस?"

"छे. त्याचं बाहेर बोलू नका म्हणून मी त्या दोघांना बजावलं होतं. खुणेची बातमी फुटली की घरावर चोरांचा डोळा."

सागर जेटीवर बर्फाच्या लाद्या उतरवून घेत होता. उन्हाने हैराण झाला होता आणि पोलिसांखेरीज कोणी प्रश्न विचारावेत हे त्याला पसंत नव्हतं. तरी काशीने सावलीत उभं राहून विचारलं आणि त्याने उत्तरं दिली. भागोजी त्याचेही आजोबा. त्याने अर्धा वाटा मागितला होता, रूपेश पाव देणार होता. त्यावरून दोघांचं बिनसलं होतं, हे त्याने लपवलं नाही. शुक्रवारी तो घरी गेला होता तो वाट्याचंच बोलायला. काकी एकटी होती, केस ओले होते, देवासमोर बसलेली. वाट्याचं रूपेश आल्यावर बघू म्हणाली आणि त्याला चहाही न देता वाटेला लावलं.

"अक्षराबद्दल तू कोणाला बोललास?"

"कोणालाच नाय. रूपेशलासुद्धा नाय. मला आणि काकीला, दोघांनाच ठावं."

"आणि नाणं धुवायचं नाही, हे काकींना सांगितलंस?"

"त्यात सांगायचा काय? आजोबांनीच घालून दिलेला आहे. ती घरात आहे तोवर तिला पाणी लावायचं नाय. गौरीला कसं, जायच्या वेळीच काय ते पाणी. काकी तर जन्मभर पाळतेय."

परत गाडीत बसताना केरू म्हणाला, यानेच केलं. पाव वाट्याचा राग. काशी म्हणाली की पाव वाटा एक लाखाचा होता आणि तो या माणसाने स्वतःच्या हाताने पंधरा हजारांवर आणला असं तुला वाटत असेल, तर तू तिकिटांचा हिशेब कसा जुळवायचास देव जाणे. केरूने रत्नागिरी आगाराची बाजू घेऊन बराच वेळ वाद घातला.

मिऱ्याला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. पावसकरांच्या घराला पुढे पडवी, आत माजघर, कोपऱ्यात देव्हारा. रूपेश पडवीत जाळ्याचा गुंता पायाशी घेऊन बसला होता, पण हात चालत नव्हते. दारात आलेल्या बायकोकडे त्याने पाहिलंही नाही. काशी आल्याचा त्याला राग आला होता. तो म्हणाला, तुम्ही चार वाजेपर्यंत काय विचारायचं ते विचारा, मग वाडी ठरवेल. राही आईला बिलगली होती, ती दिवसभर सुटली नाही.

कमळाबाई साठी ओलांडलेल्या, अंगाने बारीक. माजघरात खाली बसल्या होत्या, देव्हाऱ्याकडे पाठ करून. केरूला ते खटकलं नाही. काशीला खटकलं. सासऱ्यांच्या वेळेपासून ज्या बाईने देव सांभाळले, ती देवांकडे पाठ करून बसत नाही.

काशीने डबी मागून घेतली, दारातल्या उजेडात नाणं धरलं आणि भिंग लावलं. दोन्ही बाजू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. बाईच्या चेहऱ्यावर, ढालीवर, जहाजावर, मागच्या बाजूच्या चिनी लिपीवर, सगळीकडे बारीक ओरखडे. फक्त एका जागी चांदी अजून करडी होती. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर, शिताएवढा लांबट डाग. डागाच्या कडेला काहीतरी पांढरट सुकून बसलं होतं.

"घासताना राहिलं असेल," केरू म्हणाला.

"सगळं घासलं आणि तेवढंच राहिलं?"

कमळाबाईंनी मान वर केली. "बाय, मला एक सांगा. अक्षर तर जाग्यावर हाय. मग किंमत गेली कशी?"

काशीने नाणं परत डबीत ठेवलं. देव्हाऱ्याच्या फळीखाली नवा खण घडी करून ठेवलेला होता. घडीत हळदीकुंकू आणि तांदूळ होते, शेजारी नारळ.

मग ती हेतलला घेऊन मागच्या पाण्याच्या दोणीपाशी गेली. तिथे तिने एकच प्रश्न विचारला. नाण्यावरचं अक्षर कुठे आहे?

"कसलं अक्षर?" हेतल म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती, आता आणखी काय अंगावर येतंय याची.

साडेतीनला काशीने सगळ्यांना माजघरात बसवलं. सागरला आणि विनोदला केरू घेऊन आला होता. बाहेर बैठकीला निघालेली माणसं रस्त्याने जाऊ लागली होती, त्यांचे आवाज आत येत होते. रूपेश दाराला टेकून उभा राहिला.

"हे नाणं बदललेलं नाही," काशीने सुरुवात केली. "शिडापाशी खोक आहे, ती पहिल्या फोटोत आहे आणि आजही आहे. म्हणजे नाणं धुतलं गेलं, एवढंच. आता ज्याने धुतलं त्याने काय केलं ते बघा. पूर्ण नाणं घासलं, पण त्रिशुळाचं मधलं टोक झाकून ठेवलं. भाताचं शीत चिकटवून. शिताची खळ अजून कडेला आहे. आणि झाकलं ते नेमकं अक्षरावर."

विनोदने भिंगासाठी हात पुढे केला. त्याने पाहिलं आणि मान हलवली.

"म्हणजे धुणाऱ्याला अक्षर कुठे आहे ते माहीत होतं, आणि ते जपायचंही होतं. नाण्याचा नाश करायला निघालेला माणूस अक्षर झाकत बसत नाही. हे रागाने केलेलं काम नाही. ज्याने केलं त्याला वाटत होतं की अक्षर राहिलं म्हणजे किंमत राहिली. त्या दिवशी विनोदने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली खुणेची, दुसरी अवस्थेची. सागरने दोन्ही ऐकल्या. त्याने धुतलं नसतं, कारण धुतल्यावर काय होतं ते त्याला माहीत होतं, आणि त्यात त्याचाच वाटा बुडत होता. रूपेश दर्यात होता. हेतलने फक्त दुसरी ऐकली, दारात. धुवू नका, एवढंच. अक्षर कुठे आहे हे तिला आजही माहीत नाही, आणि ते सांगेल असं कोणी नव्हतं. जे अक्षर तिने पाहिलंच नाही, त्यावर ती शीत कशी चिकटवेल?"

रूपेशने पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं.

"पहिली गोष्ट ऐकली आणि दुसरीच्या आधी चहाला उठली, अशी एकच व्यक्ती आहे. मघाशी तिनेच मला विचारलं की अक्षर जागेवर असताना किंमत गेली कशी. हेतल शुक्रवारी बाजारात गेली होती, कारण तिला खण-नारळ आणायला पाठवलं होतं. ओटी भरलेली आहे, फळीखाली आहे, पण ती कुठल्या देवळात गेली नाही. ती घरातल्याच देवीची. सागर आला तेव्हा काकींचे केस ओले होते. न्हाऊन, सोवळ्याने बसल्या होत्या. देवी दुसऱ्या दिवशी घर सोडणार होती. आणि भागोजींनी सांगून ठेवलं होतं की जायच्या वेळी तिला पाणी लावायचं."

केरूच्या तोंडून नकळत "अरे देवा" निघालं. त्याला आता कुठे कळलं होतं.

कमळाबाईंनी नाही म्हटलं नाही. त्या हळूहळू देव्हाऱ्याकडे वळून बसल्या आणि तिकडे बघतच बोलल्या.

"मामंजी म्हणाले होते, ही पोर परक्या मुलखातून आली, जाताना तिला न्हाऊ घालून पाठवा. इतकी वर्षं माझ्या घरात होती ती. काळ्या अंगानं कशी धाडू? चिंच लावली, राखेनं घासली. अक्षर तेवढं झाकलं, तिथं जीव हाय म्हणून ह्यानं सांगितलेलान. ओटी भरली. खूप सुंदर दिसत होती."

"मग बोलली का नाहीस?" रूपेशचा आवाज फुटला. "आई, चार दिवस तू हिला..."

"तू म्हणालास, त्याला घरात ठेवणार नाय. कोण का असेना. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात तू तसं बोललास." त्या सुनेकडे वळल्या. त्यांना रडूही येत नव्हतं. "हिला माहेर हाय. मला कोण हाय? मी कुठं गेले असते?"

काशीला या बाईचा संताप आला होता, आणि तिची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम कसं सोसायचं ते तिला सुचेना. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

रूपेश घाईघाईने बोलू लागला. बैठकीला मी निरोप देतो. काही नव्हतं म्हणून सांगतो. चूक झाली, आईचं वय झालंय, घरातलं घरात मिटवू. सागरनेही मान डोलावली. दोघांनाही फार मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत असावं.

"घरातलं घरात?" हेतल म्हणाली. तिने राहीला कडेवर घेतलं होतं. "मला खोटारडी म्हणालात ते रस्त्यावर. देवी बाटवली म्हणालात ते पाण्याच्या नळावर, सगळ्यांदेखत. आणि आता घरातलं घरात?"

उत्तर दिलं ते कमळाबाईंनी. भिंतीला हात टेकून त्या उठल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि म्हणाल्या, मी जाऊन सांगते. रूपेश आडवा आला. त्यांनी त्याला बाजूला केलं. उंबऱ्यापाशी सुनेसमोर त्या क्षणभर थांबल्या, ती काही बोलेल म्हणून. हेतलने राहीला दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हातारी पडवीतून उतरली आणि माणसांच्या मागून एकटीच बैठकीकडे चालू लागली.

हेतलने कोपऱ्यातली पिशवी उचलली. ती चार दिवसांपासून भरलेलीच होती. तिने केरूला विचारलं की माहेरी, हेदवीला जायला आता कुठली गाडी मिळेल. केरूला त्या मार्गाचं सगळं वेळापत्रक पाठ होतं, पण तो म्हणाला की गाडीची वाट बघू नको, मी सोडतो.

"आता कशाला जातेस?" रूपेश म्हणाला. "आता तर सगळं कळलं ना."

"चार दिवस मी सांगत होते तेव्हा नाय कळलं. ह्या बाईंनी भिंग लावल्यावर कळलं." ती खाली बसून राहीच्या पायात चप्पल घालू लागली. "काल मला काढत होता तेव्हा पोरीला ठेवून घेत होता. आज मी माझी जातेय. पोर माझ्याबरोबर येणार."

तिला अडवायला कोणी पुढे झालं नाही. रूपेश पडवीत जाळ्याच्या गुंत्यात पाय अडकून उभा होता.

"न्यायला कधी येऊ?" त्याने विचारलं.

"न्यायला नको येऊ," हेतल म्हणाली. "विचारायला ये. मग मी काय ते सांगेन."

राहीचा हात धरून ती पायऱ्या उतरली. बैठकीच्या बाजूने गलका ऐकू येत होता, त्यात एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. हेतलने तिकडे पाहिलं नाही. तिने गाडीचं दार उघडलं आणि मुलीला आधी आत बसवलं.